मल्याळमचा चिल्लू 'न': एकाच अक्षराच्या दोन नोंदी एकसारख्या कशा कराव्यात

मल्याळममध्ये 'मकन्' म्हणजे मुलगा. मराठी–मल्याळम शब्दसूचीच्या तक्त्यात हा शब्द मला डोळ्यांनी पुष्कळ ठिकाणी दिसत होता, पण शोधायला गेलं की त्यातल्या निम्म्या ओळी सापडतच नव्हत्या. शब्द टाइप करणाऱ्या दोघी होत्या. तृशूरच्या एक निवृत्त टीचर जुन्या संगणकावर काम करायच्या आणि त्यांची विद्यार्थिनी फोनवर. कागदावर दोघींचा 'मकन्' हुबेहूब सारखा होता. संगणकाच्या पोटात मात्र ते दोन वेगळे शब्द होते.

त्यात मी एक मोठी चूक केली. जुन्या नोंदींत एक न दिसणारं चिन्ह आहे हे कळल्यावर तो कचरा समजून मी सगळीकडून पुसून टाकला. छापील पानं टीचरकडे गेली आणि त्यांचा फोन आला, "मोळे (म्हणजे मुली), इथे 'मुलगा' कुठे आहे? सगळीकडे 'मुलाला' झालंय." त्यांचं खरं होतं. ते चिन्ह गेल्यामुळे कर्त्याची चतुर्थी झाली होती.

मल्याळम मजकुरावर पहिल्यांदाच काम करणाऱ्या मराठी माणसाची ही ठेच वाचावी म्हणून हे लिहिते आहे. ग्रंथालयाची सूची, उपशीर्षकं, मतदार किंवा सभासदांच्या याद्या, दोन भाषांतली स्मरणिका, काम कुठलंही असो, हे अक्षर आडवं येतंच.

आधी चिल्लू म्हणजे काय ते

मल्याळममध्येही आपल्यासारखाच प्रत्येक व्यंजनात 'अ' असतो. तो काढायला डोक्यावर छोटी चंद्रकोर देतात, तिला चंद्रक्कला म्हणतात. आपण अक्षराचा पाय मोडतो, तसंच. फरक असा की मल्याळममध्ये शब्दाच्या शेवटी चंद्रक्कला आली तर तिथे बहुधा एक आखूड, अर्धवट 'उ'सारखा स्वर उच्चारला जातो. म्हणून स्वराशिवायचं शुद्ध व्यंजन दाखवायला लिपीनं वेगळे आकार ठेवले, ते चिल्लू. नेहमीच्या वापरात पाच आहेत: ण्, न्, र्, ल् आणि ळ्. सहावा 'क्'चा, तो जुन्या छपाईत अधूनमधून भेटतो. चिल्लू 'न' दिसतो साध्या 'न'सारखाच, फक्त उजव्या टोकाची रेघ वर काढून वळवलेली असते.

म्हणजे चिल्लूनं संपला तर 'मकन्', मुलगा. चंद्रक्कलेनं संपला तर शेवटी तो आखूड स्वर येतो आणि अर्थ होतो मुलाला. अवन् (तो) आणि त्याला, यांचंही तसंच. व्याकरणाचा एवढा भार त्या वळलेल्या रेघेवर आहे.

दोन नोंदी झाल्या कशा

यूनिकोड म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देणारं जागतिक मानक. त्याच्या ५.० आवृत्तीपर्यंत चिल्लूला स्वतःचा क्रमांक नव्हता. तो तीन तुकड्यांनी बनायचा: मूळ व्यंजन, मग चंद्रक्कला, मग 'झीरो विड्थ जॉइनर' नावाचं शून्य रुंदीचं अदृश्य चिन्ह. एप्रिल २००८मध्ये ५.१ आवृत्ती आली आणि सहाही चिल्लूंना स्वतंत्र क्रमांक मिळाले.

त्याआधी मोठा वाद झाला. 'रचना अक्षरवेदी' आणि 'स्वतंत्र मलयालम कंप्यूटिंग' या केरळातल्या गटांचं म्हणणं होतं की चिल्लू हे त्याच व्यंजनाचं स्वरहीन रूप आहे. त्याला वेगळा क्रमांक दिला तर एकाच शब्दाची दोन स्पेलिंगं होतील. उलट बाजू म्हणत होती की जॉइनर हे फक्त मांडणीचं चिन्ह आहे, कित्येक प्रोग्राम ते मोजतच नाहीत, मग शब्दाचा अर्थ त्यावर कसा सोडायचा? त्यांचं उदाहरण मराठी वाचकाला लगेच कळेल. 'वन्यवनिका' म्हणजे रानातली वनराई. 'वन्' हा मल्याळम शब्द, अर्थ मोठा, त्याला 'यवनिका' जोडली की होतो भला मोठा पडदा. दुसऱ्या शब्दात 'वन्'चा न् चिल्लू असतो. जुन्या पद्धतीत या दोन शब्दांत फरक होता तो एका जॉइनरचा. तो वगळला की रान आणि पडदा एकच.

माझ्या मते दोन्ही बाजूंची भीती रास्त होती, आणि माझ्या एकाच तक्त्यात दोन्ही खऱ्या ठरल्या. शोध फसला तो दुहेरी नोंदीमुळे, मुलगा 'मुलाला' झाला तो जॉइनर पुसल्यामुळे.

हाताशी काय हवं

- मूळ फाइलची न उघडलेली प्रत, दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली.
- एक्सेल (२०१३ किंवा त्यानंतरचं) किंवा लिबरऑफिस कॅल्क. दोन्हींत 'यूनिकोड' आणि 'यूनिकॅर' ही फंक्शनं आहेत.
- दोन्ही प्रकारचे चिल्लू नीट दाखवणारा फॉन्ट: मंजरी, मीरा, रचना किंवा नोटो सॅन्स मलयालम.
- मल्याळम मातृभाषा असलेली एक व्यक्ती, निदान तासाभरासाठी. याला पर्याय नाही.

फंक्शनची नावं मी इथे उच्चारानुसार लिहिली आहेत, टाइप करताना नेहमीचं इंग्रजी स्पेलिंगच लागेल. क्रमांक दशमान पद्धतीत दिले आहेत, कारण 'यूनिकोड' फंक्शन तसाच आकडा देतं. यूनिकोडच्या तक्त्यांत तेच क्रमांक षोडशमान पद्धतीत असतात. चिल्लू 'न'चा ३४५१ तिथे शून्य-डी-सात-बी असा दिसेल.

१. मजकूर मुळात यूनिकोड आहे का ते बघा

फॉन्ट बदलून पाहा. मल्याळम अक्षरं जाऊन रोमन अक्षरांची रांग दिसली, तर मजकूर एमएल-टीटी कार्तिका किंवा एमएल-टीटी रेवतीसारख्या जुन्या फॉन्टमधला आहे. आपल्याकडे श्रीलिपीतल्या जुन्या फाइलींचं होतं तेच. अशा फाइलीला हा लेख आत्ता लागू नाही. आधी ती 'पय्यन्स'सारख्या रूपांतरकातून यूनिकोडमध्ये आणा आणि मग दुसऱ्या पायरीपासून सुरू करा. रूपांतरक कुठला चिल्लू देतो, जुना की नवा, तेही तिथेच कळेल.

२. शब्दाची लांबी मोजा

सगळ्यात सोपी आणि मला सगळ्यात उपयोगी पडलेली तपासणी हीच. 'मकन्' असलेल्या खणाशेजारी 'लेन' फंक्शन लावा.

उत्तर ३ आलं, तर नवा चिल्लू आहे: म, क आणि एकसंध चिल्लू.
उत्तर ५ आलं, तर जुना: म, क, न, चंद्रक्कला, जॉइनर.
उत्तर ४ आलं, तर तिथे जॉइनर नाही. म्हणजे एक तर लिहिणाऱ्याला खरोखरच 'मुलाला' म्हणायचं होतं, किंवा वाटेत कुणीतरी जॉइनर खाल्ला.

शंका आलीच तर 'मिड' फंक्शननं एकेक अक्षर वेगळं काढून त्याला 'यूनिकोड' लावा. नव्या नोंदीत तिसऱ्या जागी ३४५१ येईल. जुन्यात ३३६८, ३४०५, ८२०५ हे तीन आकडे ओळीनं येतील. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, चांगला फॉन्ट दोन्ही अगदी सारखेच दाखवतो.

डेटाबेस वापरत असाल तर आणखी एक. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे यूनिकोड मजकूर साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, नवा चिल्लू ३ बाइट घेतो, जुना ९. रकान्याची मर्यादा बाइटमध्ये असेल तर जुन्या पद्धतीनं लिहिलेलं लांब नाव शेवटी कापलं जातं, आणि कापताना पहिला बळी जॉइनरचाच जातो.

३. 'नॉर्मलायझेशन'वर विसंबू नका

कुणी जाणकार म्हणेल, यूनिकोडचं नॉर्मलायझेशन चालवा, सगळं एकसारखं होईल. इतर काही चिन्हांसाठी ते खरं आहे. मल्याळम 'ओ'ची मात्रा एका क्रमांकानं (३४०२) लिहिली काय किंवा दोन तुकड्यांनी (३३९८ आणि ३३९०) लिहिली काय, नॉर्मलायझेशन दोन्ही एक करतं. चिल्लूच्या बाबतीत यूनिकोडनं जुन्या आणि नव्या नोंदीत असं समानतेचं नातं जोडलेलंच नाही. त्यामुळे ती आज्ञा बिनतक्रार चालते, आणि चिल्लू होते तसेच राहतात. हे काम हातानंच करावं लागतं.

४. एक पद्धत ठरवा, नवीच ठरवा

आज यूनिकोडची शिफारस नव्या, एकसंध चिल्लूची आहे. विकिपीडियामागच्या मीडियाविकी सॉफ्टवेअरमध्येही जुन्या चिल्लूचा नवा करण्याची सोय आहे. तुमचं मन वेगळ्या क्रमांकाच्या विरोधकांच्या बाजूनं असलं तरी साठवणीसाठी नवीच घ्या. अदृश्य चिन्हावर अर्थ टांगून ठेवण्यापेक्षा ते बरं. हे निक्षून सांगायला मला टीचरच्या त्या फोननंच शिकवलं.

अपवाद एकच. एखादं हस्तलिखित किंवा ऐतिहासिक डिजिटल दस्तऐवज जसाच्या तसा जपायचा असेल तर मूळ प्रतीला हात लावू नका आणि शोधासाठी वेगळी प्रत बनवा.

५. पाच बदल, पाच रकाने

बदलायच्या जोड्या अशा. प्रत्येक ठिकाणी व्यंजनानंतर ३४०५ आणि ८२०५ असायलाच हवेत, तिन्ही मिळून एक तुकडा समजायचा:

- ण: ३३६३ पासूनचा तुकडा → ३४५०
- न: ३३६८ पासूनचा → ३४५१
- र: ३३७६ पासूनचा → ३४५२
- ल: ३३७८ पासूनचा → ३४५३
- ळ: ३३७९ पासूनचा → ३४५४

सहावा, 'क्'चा चिल्लू (३४५५), इतका विरळ आहे की तो नजरेनं बघून बदलावा.

एक्सेलमध्ये 'सब्स्टिट्यूट' वापरा. जुना तुकडा तीन 'यूनिकॅर' जोडून तयार करा आणि त्याच्या जागी नव्या क्रमांकाचं 'यूनिकॅर' द्या. पाचही बदल एका सूत्रात कोंबू नका. पाच रकाने करा, प्रत्येक रकाना आधीच्यावर बेतलेला. सूत्र लांब झालं की कुठल्या पायरीला घोळ झाला ते सापडत नाही. 'शोधा आणि बदला'ची खिडकीही टाळा, कारण तिथे पेस्ट केलेला जॉइनर पोहोचला की नाही हेच दिसत नाही.

'र'च्या जोडीत नवखा माणूस हमखास अडकतो. यूनिकोडमध्ये या चिल्लूच्या नावात कठोर 'ऱ' आहे (मल्याळम क्रमांक ३३७७), पण जुनी नोंद साध्या 'र'पासून (३३७६) बनायची. नाव वाचून ३३७७ शोधत बसलात तर 'अवर्' (ते) सारखे शब्द तसेच राहतील.

चिल्लूचं मूळ व्यंजन कुठलं हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाहीच. संस्कृत 'उत्पत्ति' मल्याळममध्ये 'उल्पत्ति' होतो आणि चिल्लू 'ल'नं लिहिता येतो. आकार ल्-चा, मूळ त्-चं. व्यंजनावरून चिल्लू साधायचा ही जुनी पद्धत अशा शब्दात उच्चारापाशी थांबते, व्युत्पत्तीपर्यंत पोहोचत नाही.

६. 'एन्टे'पाशी थांबा

'एन्टे' म्हणजे माझा, माझी, माझं. हा शब्द पानोपानी येतो. त्यातलं 'न्ट' हे जोडाक्षर न आणि ऱ मिळून होतं, ऱ सहसा न-च्या खाली बसतो. ते तीन प्रकारे साठवलेलं सापडतं:

- ३३६८, ३४०५, ३३७७: साधा न, चंद्रक्कला, ऱ. बहुतेक मजकूर असाच असतो.
- ३४५१, ३४०५, ३३७७: चिल्लू न, चंद्रक्कला, ऱ. यूनिकोडची शिफारस ही आहे.
- ३४५१, ३३७७: चिल्लू न आणि शेजारी ऱ, मध्ये काही नाही.

पहिले दोन प्रकार बिनधास्त एक करा. कुठला ठेवायचा हे तुमच्या वाचकांचे कीबोर्ड काय देतात त्यावर ठरवा. मी पहिला ठेवला, कारण आमच्याकडे शोधणारे सगळे तोच टाइप करत होते.

तिसऱ्याला मात्र सरसकट हात लावू नका. 'हेन्री' हे नाव मल्याळममध्ये चिल्लू न आणि शेजारी ऱ असंच लिहितात, आणि तिथे उच्चार 'न्र' आहे. सगळीकडे बदल केलात तर हेन्रीचा 'हेन्टी' होईल. तिसऱ्या प्रकारच्या ओळी गाळून वेगळ्या काढा आणि मल्याळी माणसाला एकेक दाखवा. आमच्याकडे त्या यादीत बहुतेक परदेशी नावंच निघाली, टीचरनी चहा संपेपर्यंत ती निकालात काढली.

७. उरलेली अदृश्य चिन्हं

आता ८२०५ अजून कुठे उरला आहे ते शोधा. उरलेले जॉइनर बहुधा चुकून दोनदा दाबलेले किंवा चंद्रक्कलेशिवायचे असतात. बघून काढा, एकगठ्ठा नको.

त्याचा शेजारी ८२०४, म्हणजे 'नॉन-जॉइनर'. याला हात लावायचा नाही. दोन अक्षरांचं जोडाक्षर होऊ नये म्हणून तो मुद्दाम दिलेला असतो. 'सॉफ्टवेअर' हा शब्द मल्याळममध्ये लिहिताना 'व' आधीच्या अक्षराला चिकटू नये म्हणून हाच वापरतात. 'अदृश्य चिन्हं साफ करा' असं बटण असलेली साधनं हे दोन्ही एकत्र उडवतात, त्यांच्यापासून दूर राहा.

'औ'च्या मात्रेचीही अशीच जुनी-नवी जोडी आहे. ३४०४ ही जुनी, अक्षराच्या दोन्ही बाजूंना दिसणारी. ३४१५ आजची, फक्त उजवीकडे. 'मौनम्' दोन्हींनी लिहिलेलं सापडेल. शोधासाठी एक करा.

८. जॉइनर आधीच हरवला असेल तर

हा सगळ्यात कष्टाचा भाग. ३३६८ आणि ३४०५ यांवर संपणारे सगळे शब्द वेगळ्या पानावर काढा. यंत्राला यात काही ठरवता येत नाही, कारण 'मुलगा' आणि 'मुलाला' दोन्ही खरे शब्द आहेत. शेजारचा मराठी अर्थ बघा. शब्दसूची असेल तर निम्मं काम तिथेच होतं: मराठीत प्रथमा असेल तर चिल्लू, चतुर्थी असेल तर चंद्रक्कला. सलग मजकुरात पूर्ण वाक्य वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

मूळ प्रत जपून ठेवली असेल तर मात्र हा भाग गाळा आणि तिथून पुन्हा सुरुवात करा. माझ्याकडे ती होती, टीचरच्या ईमेलमध्ये. नसती तर काही आठवडे गेले असते.

९. दारावरच बदल करा

तक्ता स्वच्छ झाला तरी उद्या कुणीतरी जुन्या कीबोर्डनं नवी नोंद करेल, किंवा शोधाच्या चौकटीत जुना चिल्लू टाइप करेल. म्हणून पाचव्या पायरीचे पाच बदल दोन ठिकाणी कायमचे बसवा: नोंद साठवण्याआधी आणि शोध सुरू होण्याआधी. शोधणाऱ्याला तुमची पद्धत माहीत असायची गरज नाही.

छापायचं असेल तर छापखान्याच्या यंत्रावरून आलेली पीडीएफ बघितल्याशिवाय मंजुरी देऊ नका. एका छापखान्यात आमच्या चिल्लूंच्या जागी रिकामे चौकोन आले होते, कारण तिथला मल्याळम फॉन्ट २००८च्या आधीचा होता. इनडिझाइनमध्ये काम असेल तर 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' चालू आहे ना ते विचारा. मराठीला जे लागतं तेच मल्याळमलाही लागतं.

आणि जुने ग्रंथ टाइप करणार असाल तर म्, य् आणि मल्याळमच्या खास 'ഴ'-वर्णाचेही, ज्याला आपण 'केरळी ऴ' म्हणू, चिल्लू भेटतील. त्यांना २०१६मध्ये क्रमांक मिळाले: ३४१२, ३४१३, ३४१४. ते सगळ्या फॉन्टमध्ये नाहीत.

१०. आता मराठीचा रकाना

सूचीचा दुसरा रकाना आपला आहे आणि तोही याच दुखण्यातून सुटलेला नाही. 'सह्याद्रीच्या दऱ्या' मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एक, नुक्त्याचा ऱ (२३५३) आणि हलन्त (२३८१). दुसरा, साधा र (२३५२), हलन्त आणि तोच ८२०५ क्रमांकाचा जॉइनर. जॉइनर पुसला गेला की दऱ्यांचा दर्या होतो, आचाऱ्यांचे आचार्य होतात.

बदल तसाच करायचा: २३५२, २३८१, ८२०५ या तुकड्याच्या जागी २३५३, २३८१. फक्त इथे लांबीची तपासणी अर्धीच कामाची आहे. जॉइनरवाली 'दऱ्या' ६ भरते, पण बरोबर लिहिलेली 'दऱ्या' ५ आणि समुद्रवाला 'दर्या'ही ५च. तिथे 'मिड'नं दुसरं अक्षर काढा आणि २३५३ आहे की २३५२ ते बघा.